दहापैकी आठ

बाबांना विसरायला होतंय हे माझ्याआधी माझ्या नवऱ्याच्या लक्षात आलं, आणि त्याचाच मला राग आला. आई-बाबा आमच्याच घरी, खालच्या मजल्यावर राहतात. एका दुपारी बाबा सायकल काढून शहराच्या टोकाला, रांझीला गेले. ज्या कारखान्यातून रिटायर होऊन त्यांना अठरा वर्षं झाली होती, त्याच्या गेटवर ड्यूटीसाठी उभे राहिले. एका जुन्या माणसाने ओळखलं म्हणून घरी फोन तरी आला. नवरा म्हणाला, एकदा डॉक्टरांना दाखवू. मी म्हणाले, डोक्याच्या डॉक्टरकडे न्यायला माझे बाबा वेडे नाहीत. मी शाळेत विज्ञान शिकवते. दरवर्षी फळ्यावर मेंदूची आकृती काढते. तरी हे वाक्य माझ्याच तोंडून निघालं.

खरं सांगायचं तर मी घाबरले होते. डॉक्टरांनी त्या आजाराचं नाव घेतलं की ते परत घेता येणार नाही, त्यापेक्षा घरातल्या घरात काय ते निस्तरावं, असं मला वाटलं. आमच्या या हिंदीभाषी शहरातल्या ओमती बाजारात जडीबुटीचं एक जुनं दुकान आहे. दुकानदार म्हणाला, "दीदी, चालीस दिन खिलाइए, फरक खुद देखेंगी." मी ब्राह्मीची पूड, शंखपुष्पीचं सिरप आणि मालकांगणीचं तेल घेऊन आले. शिवाय भिजवलेले बदाम आणि अक्रोड. अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून मेंदूला चांगला, असं मोबाइलवर आलं होतं. माझ्या वर्गात कुणी असं उत्तर लिहिलं असतं तर मी भोपळा दिला असता. पहिल्याच आठवड्यात बाबांचं पोट बिघडलं. मी म्हटलं, सुरुवातीला होतं असं, आणि पूड चालूच ठेवली.

फरक पडतोय की नाही हे कळायला नको? म्हणून मी बाबांची परीक्षा घ्यायला लागले. संध्याकाळी तीन शब्द सांगायचे, सकाळी शाळेला जाण्याआधी खाली उतरून विचारायचे. सोबत वार, तारीख, काल कोणती भाजी खाल्ली, नातू कोणत्या गावी शिकतो, असे आणखी सात प्रश्न. गुण दहापैकी, एका जुन्या वहीत लिहून. सुरुवातीला तीन, कधी दोन. दोन पडले की माझा पारा चढायचा. "लक्ष कुठे असतं तुमचं, बाबा?" ते म्हणायचे, "सांगून तर राहिलो बेटा, थांब जरा." मी थांबत नसे. शाळेची वेळ झालेली असायची.

महिन्याभरात गुण वाढले. सहा, सात, मग आठ. माझा आनंद गगनात मावेना. नवऱ्यापुढे वही नाचवली. आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर सगळा नुस्खा प्रमाणासकट टाकला. एकीने तर विचारलं, मिस्टरांना हेच देऊ का, डॉक्टरांकडे नंतर जाऊ? मी लिहिलं, अवश्य द्या. असे आठ महिने गेले.

मग एका सकाळी मला घाई होती, म्हणून मी प्रश्नांचा नेहमीचा क्रम मोडला. पहिल्या शब्दानंतर लगेच म्हटलं, "आज वार कोणता?" बाबांनी मांडीवरच्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाले, "पपई."

मी त्यांचा हात ओढून उघडला. तळव्यावर निळ्या पेनाने ओळीने लिहिलेलं होतं: कुलूप, पपई, कंदील, मंगळवार, दोडका. नववीतल्या पोरावर ओरडावं तशी मी ओरडले. "कॉपी करता? या वयात? लाज नाही वाटत?" बाबांनी मान खाली घातली आणि तळवा लुंगीला पुसायला लागले.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "मी लिहून देते रोज. काहून ओरडून राहिली त्यांच्यावर?"

मी वही मिटली. ती पुढे म्हणाली, "जिन्यावर तुझी चप्पल वाजली की ते थरथरायला लागतात. मार्क चांगले पडले की तू हसून बोलते, मग त्यांचा दिवस बरा जाते. विसरणं तर वाढूनच राहिलं आहे. परवा मला विचारून राहिले होते, आपलं लग्न झालं आहे काय म्हणून."

"मला सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगू? तू तर जगाला सांगून राहिली होती की फरक पडला."

त्या दिवशी मी शाळेत गेले नाही. मंडळातल्या त्या बाईंना फोन करून सगळं खरं सांगितलं, मिस्टरांना आजच डॉक्टरांकडे न्या म्हटलं. त्यांनी फोन ठेवून दिला. मला कान धरून उठाबशा काढायला लावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी बाबांना घेऊन गेलो. डॉक्टर तरुण होते, शांतपणे बोलत होते. म्हणाले, रक्ताच्या तपासण्या अगदी पहिल्यांदा व्हायला हव्या होत्या, कधी कधी विसरण्याचं कारण तिथेच सापडतं आणि त्यावर इलाज असतो. हा तोच आजार असेल तर ब्राह्मीने किंवा अक्रोडाने तो थांबत नाही. गोळ्यांनीही थांबत नाही, पण लवकर आलं तर काही काळ आधार मिळतो, आणि पुढचं सगळं पेशंटला विचारून ठरवता येतं. त्रास कधीपासून आहे, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी वहीचा विषय काढला नाही. आईच सांगत गेली.

शेवटी त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून बाबांना विचारलं, "बाबूजी, ये कौन हैं आपकी?"

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग आईकडे झुकून, हळू आवाजात, आपल्या मराठीत म्हणाले, "सांगून दे ना लवकर. त्या बाई चिडतील."

डॉक्टरांना मराठी येत नव्हतं. "क्या कहा इन्होंने?" त्यांनी विचारलं. आई पदराशी चाळा करत बसली. मग मीच त्यांना हिंदीत सांगितलं.