तारमास्तरांचा तीनरंगी बोका

कोण कुणाचा मेहुणा आणि कोण कुणाची नणंद, हे सांगणारी माणसं लोणावळ्यात त्या काळी पुष्कळ होती. पण कुठलं पिल्लू कुठल्या बोक्याचं, हे छातीठोकपणे सांगणारे सबंध घाटमाथ्यावर एकटे आमच्या शेजारचे तारमास्तर. विलायतेला परतणाऱ्या एका साहेबाने त्यांना आनुवंशिकतेवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक देऊन टाकलं आणि तेव्हापासून मास्तर माणसांतून उठले. स्टेशनातली तारेची कटकट संपली की ते काखोटीला वही मारून मांजरं टिपायला निघत. पुतण्यासाठी मुलगी बघायला एकदा उर्से गावी गेले, ते चुलीपाशी निजलेल्या पाच पिल्लांचे रंग लिहून परत आले. मुलगी कशी आहे म्हणून विचारलं, तर म्हणाले, "ती बघायची राहिलीच. पण आई काळी असून दोन पिल्लं काळी-तांबडी निघालीत, बाप तपासला पाहिजे." हे वाक्य मुलीकडच्यांच्या कानावर गेलं आणि सोयरीक मोडली ती मोडलीच.

त्यांचा मुख्य सिद्धान्त असा, की काळा, तांबडा आणि पांढरा हे तिन्ही रंग एका अंगावर दिसले की ती भाटीच समजावी; तसला बोका नसतो. हे त्यांनी इतक्या जणांना ऐकवलं होतं, की बाजाराच्या दिवशी औंढ्याची एक मावशी टोपली घेऊन थेट त्यांच्या दारात आली.

"मास्तर, तीनरंगी बोका नसतो म्हन्ता न्हवं? मंग ह्यो काय हाय?"

मास्तरांनी शेपूट उचलून बघितलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. मावशी बोका तिथेच सोडून गेली आणि मास्तरांना दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी पुस्तकातली एक बारीक टीप त्यांना सापडली आणि ते स्वयंपाकघरात धावले. मी तिथेच मास्तरांच्या बायकोकडे, म्हणजे काकूंकडे, विरजण मागायला गेलो होतो. असा बोका क्वचित जन्मतो, म्हणजे नियम खोटा नाही, असं हर्षाने सांगून ते पुढची ओळ वाचू लागले. "आणि याला बहुधा पिल्लं होत नाहीत," एवढं म्हणून ते एकदम थांबले. लग्नाला वीस वर्षं होऊनही त्या घरात पाळणा हलला नव्हता.

मांजर दिसलं की लाटणं उगारणाऱ्या काकूंनी दुधाची वाटी खाली ठेवली. "नसू देत," त्या म्हणाल्या, "राहू दे त्याला आपल्याकडं."

नावही त्यांनीच ठेवलं. मास्तरांची बदली होईपर्यंत रोज तिन्हीसांजेला काकू परसदारी उभ्या राहून "बाळ्या, घरी ये रे" अशी हाक घालत. बाळ्या बहुतेक वेळा घरातच, मास्तरांच्या मांडीवर झोपलेला असे. काकूंनाही ते ठाऊक होतं.