हत्तीच्या पाठीवरचा चहा

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि माझे वडील, म्हणजे दादा, एकलहऱ्याचं घर बंद करून आमच्या फ्लॅटवर राहायला आले. सोबत एक बॅग, एक काठी, सुपारीची डबी, अडकित्ता आणि जगातल्या यच्चयावत वस्तूंबद्दलची मतं. उभा जन्म त्यांनी तिथल्या वीज केंद्रात यंत्रांच्या घरघरीत काढला. त्यामुळे ओरडून बोलायची त्यांना सवय होती आणि दुसऱ्याचं ऐकू न यायची सोय.

चहाचा कप खाली फरशीवर ठेवायचा ही दादांची जन्माची पद्धत. आता डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून बजावलं होतं. मी म्हटलं, ''दादा, सोफ्याच्या बाजूला एक छोटं टेबल आणू या.''

''कप ठेवायला देवानं एवढी जमीन दिली हाय,'' दादा म्हणाले, ''तुला टेबल कशाला पायजे?''

मग एका सकाळी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले, तर दादा सोफ्यात बसून काठीच्या मुठीनं खालची बशी स्वतःकडे ओढत होते. गळाला लागलेला मासा ओढावा, तितक्या सावकाश. बशी आली, कप आला नाही. चहा माझ्या नव्या गालिच्यावर.

''चहाच्याच रंगाचा हाय गालिचा, काय कळणार नाय,'' दादा म्हणाले.

गालिचा निळा होता.

त्याच रविवारी आम्ही पाथर्डी फाट्याकडच्या फर्निचरच्या एका शोरूममध्ये गेलो. नवऱ्यानं मोबाइलवर व्हिडिओ बघून अभ्यास केला होता: टेबलाची उंची सोफ्याच्या हाताएवढी हवी, वर नाही, खाली नाही. खिशात मोजपट्टी घेऊन तो लग्नाचं स्थळ बघायला निघाल्यासारखा गंभीर होता. माझ्या डोळ्यांसमोर फिक्या लाकडाचं, बारीक पायांचं, नाजूक काहीतरी होतं. दादा आले ते आम्हाला कुणी गंडवू नये म्हणून.

आत गारेगार एसी आणि देवळासारखा सुगंध. कोट घातलेली एक हसरी मुलगी पुढे आली. ''काका, हे आमचे एंड टेबल्स. सोफ्याच्या एंडला ठेवतात.''

''माझा एंड आला म्हणून आणलंय का मला?'' दादांनी विचारलं. तिला कळेना हसावं की सॉरी म्हणावं. तिनं दोन्ही केलं.

काचेच्या टेबलापाशी दादा थांबले. ''यातून माझेच पाय दिसतात. रोज दिसतात तेवढे पुरेत.'' एकात एक सरकणारी तीन टेबलं बघून म्हणाले, ''हे व्यालेलं दिसतं.'' आणि मला आवडलेलं तीन पायांचं टेबल त्यांनी काठीनं हलकंच ढोसलं. ते डुगडुगलं. ''बघ. सकाळी सकाळी घेऊन आलंय.''

मी रागावून कपाटांच्या रांगेकडे निघून गेले. थोड्या वेळानं मागे वळून पाहिलं, तर दादा एका कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. चेहरा ओढलेला, एक हात गुडघ्यावर. दुखत होतं, पण सांगतील तर शपथ. त्या मुलीनं त्यांना चहा आणून दिला होता. आणि त्यांच्या शेजारी एक हत्ती उभा होता. सोनेरी, झूल पांघरलेला, डोळ्यांत लाल खडे, पाठीवर गोल सपाट फळी. इतकी भडक वस्तू मी लग्नाच्या मांडवातही पाहिली नव्हती.

कुणी बघत नाही असं समजून दादांनी कप हत्तीच्या पाठीवर ठेवला. मग खिशातून चष्म्याचं घर काढून ठेवलं. मग डबी. मग अडकित्ता. सगळं मावलं. त्यांनी न वाकता, न कण्हता, नुसता हात लांबवून कप उचलला, घोट घेतला, परत ठेवला. पुन्हा उचलला. ऑपरेशनपासून त्यांचा असा सैलावलेला चेहरा मी पाहिला नव्हता. मी कपाटाच्या दाराआडून पाहत होते.

तेवढ्यात त्यांचं लक्ष गेलं. ''काय बघती? हा घे.''

''हत्ती?'' नवरा माझ्या कानात म्हणाला. ''आपल्या हॉलमध्ये? लोक काय म्हणतील?''

''तू उंची मोज,'' मी म्हटलं.

त्यानं मोजली. उंची तंतोतंत सोफ्याच्या हाताएवढी होती. आपल्याच मोजपट्टीनं दगा दिल्यासारखा तो तिच्याकडे बघत राहिला.

हत्ती घरी आला. पुढच्याच आठवड्यात चांदवडहून आत्या, दादांची थोरली बहीण, त्यांना भेटायला आली. आल्या आल्या तिनं हत्तीला नमस्कार केला आणि आमच्या देव्हाऱ्यातलं कुंकू आणून त्याच्या कपाळाला लावलं.

''आक्के, तो गणपती नाय, टेबल हाय,'' दादा ओरडले.

''सोंड हाय ना?''

''सोंडेसारखे पाइप आमच्या प्लांटात ढिगानं होते. कुणी कुंकू लावलं नाय.''

''देवाच्या पाठीवर सुपारीची डबी ठेवतोस! उष्टा कप ठेवतोस!'' आत्यानं डबी उचलली, कप उचलला आणि खाली फरशीवर ठेवला.

दादा त्या कपाकडे बघत बसले. मला वाटलं, आता भांडण पेटणार. पण त्यांचा आवाज एकदम खाली आला. ''आक्के, मला वाकता येत नाय आता.''

हे त्यांनी डॉक्टरांनाही कधी सांगितलं नव्हतं.

''मग आधी सांगायचं ना, गाढवा,'' आत्या म्हणाली. कप उचलून तिनं पुन्हा हत्तीच्या पाठीवर ठेवला, डबी ठेवली आणि आपलाही कप शेजारी टेकवला. कुंकू मात्र पुसू दिलं नाही.

आता घरी कुणी आलं की आधी हत्तीकडे बघतं आणि मग काळजीनं माझ्याकडे. मी तोंड उघडण्याआधी दादा सुपारी कातरत सांगून टाकतात, ''पोरीची आवड. आपण कशाला बोलायचं?''