नसरीनचा भाऊ

कुलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला, की मला अकोटचं ते इंटरनेट कॅफे आठवतं. कापसाचे वाईट दिवस होते, घरोघरची पोरं बाहेर गेली होती. माझी मैत्रीण नसरीन, तिचा भाऊ दुबईला. पडद्यावर त्याचा चेहरा अडखळत उमटला आणि तिने काचेलाच हात लावला.

"इतनी दुबली कैसे हो गई?" त्याने विचारलं.

ती हसता हसता रडली. मी शेजारी जळत बसले. माझा भाऊ तर पुण्यातच होता, पण दिवाळीलाही आला नव्हता.

"तुया भावाशीबी बोल ना असं," नसरीन म्हणाली.

"त्याले वेळ नसते."

आता माझा भाऊ रोज व्हिडिओ कॉल करतो. बोलताना त्याची नजर दुसऱ्याच कुठल्या पडद्यावर असते, आणि मला नसरीनचा पुन्हा तितकाच हेवा वाटतो.