नीट धरा, पहाड झोपला आहे

जे नाही ते आहे असे चौघांनी म्हणावे, आणि म्हणता म्हणता ते खरोखर उभे राहावे, याहून मोठे नवल ते कोणते?

हे नवल दर रविवारी दुपारी तीन वाजता एका बाइंडरच्या खोलीत घडत असे. खोली ती केवढी! दोन खिडक्या, पुस्तके दाबायचा एक लोखंडी शिकंजा, भिंतीशी पुठ्ठ्यांची चळत आणि हवेत खळीचा आंबूस वास. आठवडाभर मधल्या टेबलावर सुटलेल्या शिलाईची, पाठ मोडलेली पुस्तके पडून असत. रविवारी मात्र बाइंडर ते टेबल ओल्या फडक्याने पुसत असे, देव्हारा पुसावा तसे. मग चार खुर्च्या मांडी, मध्ये पितळी ताटली ठेवी आणि जिन्यातल्या पावलांकडे कान लावून बसे.

खेळ दिसायला साधा. पट नाही, सोंगट्या नाहीत, हारजीत तर नाहीच नाही. बाइंडरने एक जग रचायचे आणि बाकीच्यांनी त्यात एकेक माणूस होऊन वावरायचे. तो म्हणे, "पुढे कडा आहे." कोणी म्हणे, "मी चढते." चढणे साधले की नाही, हे वीस पैलूंचा फासा सांगे. तो पितळी ताटलीत पडायचा, सर्वांच्या डोळ्यांदेखत. नुसता श्वास आणि शब्द. पण अकरा वर्षांत त्या शब्दांतून तीन राज्ये उभी राहिली, दोन नद्या वाहिल्या. हे सारे आपल्याच तोंडून आले, या विचाराने बाइंडरच्या अंगावर अजूनही काटा येई. "मी कुठे रचतो?" तो म्हणे. "मी फक्त दार उघडतो. आत आधीच कोणी तरी दिवा लावलेला असतो."

खेळणारे तिघे. रुग्णालयातली सिस्टर, दिवसभर लोकांचे औषधपाणी मोजूनमापून करणारी ही बाई इथे अट्टल चोर होती. दुसरा टपाल कचेरीतला कारकून. सारा जन्म एकाच खिडकीशी काढलेल्या या माणसाला मित्रांनी परस्पर बढती देऊन पोस्टमास्तर म्हणायला सुरुवात केली होती. खेळात तो लंगडा जादूगार. आणि तिसरा बसचा ड्रायव्हर. अंगाने काटकुळा, पण खेळात तो झाला होता पहाड नावाचा राक्षसी मल्ल. आपल्या कागदावर त्याने स्वतःच्या हाताने लिहिले होते: वजन एकशे चाळीस किलो.

"एवढं कशाला रे?" पोस्टमास्तरने विचारले होते.

"घरी बायको म्हणते, तुमचं काही वजन नाही. कुठे तरी असू दे की!"

या टेबलाचे दोन नियम होते. पहिला बाइंडरच्या धंद्यातून आलेला: खेळाची पुढची पाने तो आधीच लिहून दोऱ्याने शिवून टाकी आणि वेळ आली की सर्वांसमोर टाके कापून वाची. एकदा वाचले ते घडले. मागून बदल नाही. दुसरा नियम असा, की खुर्ची रिकामी तर पात्र झोपलेले, खुर्ची भरली की पात्र जागे. आणि झोपलेल्याला टाकून पुढे जायचे नाही. खांद्यावर घ्यायचे.

ड्रायव्हरच्या पाळ्या वेड्यावाकड्या. महिन्यातून एखादा रविवार हमखास बुडे आणि तीनच्या ठोक्याला त्याचा निरोप येई: "झोपलोय. नीट धरा."

"मेला!" सिस्टर करवादे. "उचला आता हा डोंगर. माझी चोरटी मुळात पाच फूट."

सहा महिन्यांपूर्वी असाच निरोप रुग्णालयाच्या खाटेवरून आला. तेच शब्द, तीच खोडी. झोपलोय, नीट धरा. मंगळवारी तो गेला.

खाली ठेवायला कोणाचे मन होईना. सहा महिने चोरटी आणि जादूगार आळीपाळीने पहाडाला खांद्यावर वाहत होते, दऱ्यांतून, दलदलीतून, आणि कागदावरचे एकशे चाळीस किलो कोणी एका किलोनेही कमी केले नव्हते. चौथी खुर्ची बाइंडर दर रविवारी मांडत होता. तिच्यावर कोणी पिशवीसुद्धा ठेवत नसे.

त्या रविवारी बाइंडरने टाके कापले, पान उघडले आणि वाचू लागला. दरीवर दोरांचा पूल. एका वेळी एकच जीव पेलेल. दुसऱ्याचे वजन पडले की दोर तुटेल.

वाचता वाचता त्याचा आवाज थांबला. पान दोन वर्षांपूर्वीचे होते. पूल विणताना झोपलेल्या माणसाचा विचारच त्याने केला नव्हता.

"पान बदल ना दादा," सिस्टर हळूच म्हणाली.

"वाचून झालं."

"म्हणजे त्याला अलीकडे ठेवून जायचं?" पोस्टमास्तर उसळला. "की तिघांनी मिळून खाली जायचं? असला कसला रे पूल बांधलास?"

इतक्यात जिन्यात पावले वाजली. दारात ड्रायव्हरची बायको उभी होती. सगळ्यांची वहिनी. अकरा वर्षे या खेळाला 'म्हाताऱ्यांची भातुकली' म्हणणारी वहिनी या खोलीत प्रथमच येत होती. हातात चष्म्याची जुनी डबी.

"त्यांचा फासा. कपाट आवरताना सापडला," ती धापा टाकत म्हणाली. "जिना आहे की शिडी, भाऊजी?" आणि समोर दिसली त्या रिकाम्या खुर्चीवर ती बसली.

तिघे तिच्याकडे पाहतच राहिले.

"का हो? मोडकी आहे का?"

"नाही वहिनी," बाइंडर म्हणाला. "पहाड जागा झाला."

मग तिघांनी तिला सारे सांगितले: निरोप, खांदे, दलदल, पूल. वहिनी मान खाली घालून ऐकत होती.

"सहा महिने उचलून नेताय? त्यांना?"

"वजन फार हो," पोस्टमास्तर म्हणाला. हसता हसता त्याने डोळे पुसले.

"आता त्याला एकट्याला चालत जाता येईल," बाइंडर म्हणाला. "पण पूल हलता आहे. फासा टाकावा लागेल. दहा किंवा वर पडले तर पलीकडे."

"आणि कमी पडले तर?"

"तर पडला, वहिनी. ताटलीत खोटं चालत नाही. तुम्ही उठलात तर तो पुन्हा झोपेल. अलीकडेच. सुखरूप. पण मग तिथेच राहील."

शिकंज्याखाली दाबलेली पुस्तके जणू ऐकत होती.

"घरी मी तेच करतेय," वहिनी म्हणाली. "त्यांच्या चपला दारातून हलवल्या नाहीत. सुखरूप आहेत. पण चपला आहेत नुसत्या." तिने डबी उघडली. "ते असं निजून राहणारे नव्हते हो. पहाटे चारच्या पाळीला मी एकच हाक मारायची. अहो, उठा, लोक थांबलेत! की उभे."

आणि तीच हाक तिने त्या टेबलावर मारली. जोरात नव्हे, नेहमीच्या आवाजात. बाइंडरने आयुष्यात पुष्कळ शब्द ऐकले होते, शिवले होते, बांधले होते. शब्दाने माणूस उठून उभा राहताना तो आज पाहत होता.

फासा सुटला. ताटलीच्या काठावर टणकन आदळला, गिरकी घेत मध्ये आला, कलला, थांबला.

"अकरा," सिस्टरने वाचले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकले.

"गेला," बाइंडर पुटपुटला. "पलीकडे गेला." मग रिवाजाप्रमाणे त्याने विचारले, "आता पहाड काय करतो आहे, वहिनी?"

वहिनीने डोळे मिटले. भातुकली म्हणणाऱ्या त्या बाईला आता कोणी काही शिकवायला नको होते.

"वळून उभे आहेत. इकडे बघतायत."

"का?"

"का म्हणजे? सगळे चढल्याशिवाय त्यांनी कधी गाडी हलवली आहे का?"

"आले, आले हं," सिस्टर म्हणाली आणि ताटलीतला फासा उचलला.