उजवीकडची बाटली

धाकट्या बहिणीला नोकरी लागली तेव्हा आईने पेढे वाटले आणि त्याच संध्याकाळी अट घातली : रस्त्यात काही वेडंवाकडं घडलं, तर नोकरी बंद. बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात आम्ही तिघीच. नायगाव स्टेशनपासून आमच्या नव्या बिल्डिंगपर्यंतचा रस्ता मिठागराच्या कडेने यायचा. एका बाजूला रेतीचे ढीग, दुसऱ्या बाजूला कमरेएवढं गवत, आणि मध्ये दिव्यांचे नुसतेच खांब. संध्याकाळ झाली की आई खिडकीत उभी राहायची. बहीण वळणावर दिसली की झटकन स्वयंपाकघरात जायची आणि भांडी वाजवायची.

ती नोकरी टिकावी असं माझ्याइतकं कुणालाच वाटत नसेल. कॉलेजात असताना माझी बहीण घुमी होती; कामाला जायला लागल्यावर केस विंचरता विंचरता गाणी म्हणायला लागली. म्हणून मी मुंबईहून तिच्यासाठी मिरचीचा स्प्रे आणला. दुकानदाराने जोडीला सरावाची बाटली दिली. दिसायला हुबेहूब तशीच, आत नुसतं पाणी. मी तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवून ठळक अक्षरांत 'पाणी' लिहिलं. मी शिस्तीची बाई. आई म्हणायची, हिचा नवरा एक तर सुधारेल नाही तर पळून जाईल.

दर रविवारी सकाळी गच्चीवर सराव चालायचा. गुंड मीच, बाबांचा जुना लांब बाह्यांचा शर्ट घालून. आधी दोरीवरचे कपडे बघायचे, वारा कुठून येतोय ते कळायला. वाऱ्याकडे तोंड करून मारलंस तर तुझेच डोळे जातील, हे मी तिला इतक्यांदा सांगितलं की ती माझी नक्कल करायची. मग अंगठ्याने टोपण वर, हात लांब, फवारा, मोठ्याने आरडाओरडा आणि मागे न बघता जिन्याकडे धूम.

"गालावर काय मारतेस? डोळ्यांवर मार, डोळ्यांवर!"

पहिले काही रविवार माझे कानच भिजले. नंतर तिचा हात असा बसला की पाणी थेट डोळ्यांत. मी बाहीने डोळे पुसायचे आणि हसत पुन्हा तिच्या अंगावर जायचे. शेजारच्या काकू कपडे वाळत घालता घालता म्हणायच्या, "तुम्हा दोघींना काही कामधंदा आहे की नाही?"

दसऱ्याला आईने शस्त्रं पुजायला काढली. आमची शस्त्रं म्हणजे विळी, कात्री, बाबांचा पाना आणि शिलाई मशीन. त्या वर्षी तिने दोन्ही बाटल्याही मागितल्या. "पोरीची राखण करतात, त्यांना नको का हळदकुंकू?" पूजेआधी तिने ओल्या फडक्याने सगळं लख्ख पुसलं, आणि त्यात माझी पट्टीही गेली. मी चिडले. खरी बाटली मी नुकतीच बहिणीच्या पर्समधून काढली होती, अजून माझ्या हातातच होती, म्हणून ती ओळखता आली. पाटावर खरी उजवीकडे आणि पाण्याची डावीकडे ठेवली, आणि दोघींना बजावलं : उजवीकडची खरी.

पुजलेल्या हत्यारांना त्या दिवशी हात लावायचा नाही, असं आमच्याकडे आहे. बाटल्या देवापुढेच राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध उतू गेलं, त्यावरून माझं आणि आईचं जुंपलं होतं. बहीण चपला घालून दारात उभी होती, मग परत आत आली.

"ताई, यातली कुठली गं?"

"उजवीकडची. किती वेळा सांगू?"

मी मान वर करूनही बघितलं नाही. मोरीत एक फवारा मारला असता तरी कळलं असतं. पण चांगली वस्तू उगाच कशाला वापरून संपवायची, याच वळणात आम्ही वाढलो होतो.

त्याच संध्याकाळी, दिवेलागणीला, मिठागरावर काम करणाऱ्या एक मावशी तिला हाताला धरून वर घेऊन आल्या. "आधी पोरीला पानी द्या, बाकीचं मंग विचारा," असं म्हणून त्या दारातच टेकल्या. बहिणीच्या गळ्यात ओढणी नव्हती. एक मनगट सुजून टम्म झालं होतं. कुणा माणसाने तिला गवतात ओढलं होतं. मावशी कोयता घेऊन ओरडत धावल्या म्हणून तो पळाला.

"ताई, मी सगळं तू सांगितलंस तसंच केलं," बहीण म्हणाली. "वारा बघितला. हात लांब केला. पण तो थांबलाच नाही. त्याने बाहीने डोळे पुसले आणि हसला. माझा नेम चुकला असेल गं."

मी देवघरात गेले. पाटावर राहिलेली बाटली उचलून मोरीत नेली, दार लावलं आणि दाबली. घसा आवळला, डोळ्यांची आग आग झाली. बाहेरून आई विचारत होती, काय झालं म्हणून.

"तू बाटल्या हलवल्या होत्यास?"

"झेंडूच्या तबकाला जागा नव्हती, म्हणून इकडची तिकडे केली जराशी. का गं?"

"काही नाही," मी म्हटलं.

मनगटाला प्लास्टर घातलं. नोकरी बंद हे आईला बोलून दाखवावं लागलं नाही; बहिणीने स्वतःच ऑफिसला चिठ्ठी पाठवली. गाणी थांबली. वर्षभरात लग्न होऊन ती घाटावर गेली.

मी तिला सांगितलं नाही. आधी आईला बोल लागेल म्हणून, असं मी मनाला समजावलं. आई गेली, तरी नाही सांगितलं. खरं कारण एवढंच की मला लाज वाटते, आणि ती मला ताई म्हणते ते मला हवं आहे.

मध्यंतरी तिच्याकडे गेले होते. तिच्या मुलीने कॉलेजला जायला असाच स्प्रे आणला होता. बहीण हसून म्हणाली, "मावशीकडून शीक. मलाही तिने शिकवलं होतं, पण मला मेलीला कधी नेमच धरता आला नाही."

मी कोथिंबीर निवडत राहिले. तिचा नेम चुकला नव्हता. डोळ्यांत नुसतं पाणी गेलं की माणूस काय करतो, हे गच्चीवर कितीतरी रविवार मीच तिला करून दाखवलं होतं. बाहीने डोळे पुसायचे आणि हसायचं.