शेंदऱ्या डोंगराचा अर्धा जावई

मुंजाजीला आयुष्यभर चालण्याचा पगार मिळाला. रेल्वेत तो कीमॅन होता. म्हणजे खांद्यावर हातोडा आणि पाना, काखेत लाल-हिरवी झेंडी घेऊन रोज सकाळी पूर्णेजवळचा आपल्या वाट्याचा लाईनीचा तुकडा पायी तुडवायचा. रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या बघत जायचं, एखादी ढिली दिसली की ठोकायची, पुढं चालायचं. अशा माणसाला कुणी 'चला, जरा फिरून येऊ' म्हटलं, तर सुटीच्या दिवशी हलवायाला जिलबी तळायला सांगितल्यावर त्याचं तोंड होईल तसं मुंजाजीचं व्हायचं.

"रेल्वे मला चालायचे पैसे देती," तो म्हणायचा. "फुकट चालायला मी काय येडा हाय?"

क्वार्टरमधले बाबूलोक पांढरे बूट घालून सकाळी हात हलवत निघायचे, त्यांच्याकडं तो फार दयेनं बघायचा.

अडचण एवढीच होती, की त्याची सासरवाडी डोंगरात होती. चारठाण्याच्या पुढं कवठदरी म्हणून गाव, गावामागं शेंदऱ्या डोंगर. माथ्यावर शेंदूर फासलेला देव, म्हणून नाव शेंदऱ्या. देवापासून जरा बाजूला कड्याच्या टोकाशी एक चपटा खडक आहे, त्याला म्हणतात हाळीचा धोंडा. पहिल्या दिवाळसणाला आलेल्या जावयाला गावातली पोरं हलगी वाजवत वर नेत. त्यानं त्या धोंड्यावर उभं राहायचं आणि बायकोला नावानं हाक मारायची. बायको खाली मारुतीच्या पारावर. तिनं तिथून 'ओ' द्यायची. एरवी नवऱ्या-बायकोनं एकमेकांचं नाव घेतलं की घरातली उंदरंसुद्धा लाजायची, असं ते गाव. पण आयुष्यात एकदा साऱ्या शिवाराला ऐकू जाईल असं नाव घ्यायचं. 'ओ' आली की जावई पक्का.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मुंजाजीला फेटा बांधून झाला होता. हलगी तापवून झाली होती. त्याची बायको विमल नवं लुगडं नेसून पारावर जाऊन बसली होती. सकाळीच तिनं त्याला लालूच दाखवली होती, "वर गेलं की तुमची लाईन दिसती. गाडीबी दिसती."

"मधी अख्खा जिल्हा आडवा हाय," मुंजाजी म्हणाला होता. "लाईन कशी दिसंल?"

"बघा तं खरं."

तेवढ्यात चारठाण्याहून एक जण सायकल हाणत आला. परतीच्या पावसानं लाईनीखालची माती खचली होती, असाल तसे निघा. मुंजाजीनं फेटा उतरवून मेव्हण्याच्या, म्हणजे गोपाळच्या, हातात दिला आणि तो गेला. पारावर बसलेल्या विमलला हे कुणी सांगायला गेलं नाही. ती आपली कान देऊन बसून राहिली.

पुढच्या वर्षी ड्युटी होती. त्याच्या पुढच्या वर्षी राम पोटात होता. नंतर नंतर कारण सांगायचीही गरज उरली नाही. 'फुकट चालत न्हाई' हे एकच कारण वर्षानुवर्षं पुरलं. पण गाव विसरलं नाही. विमलची चुलती दगडाबाई तर मुंजाजीला बघितलं की दारातूनच सुरू व्हायची.

"आले का अर्धे जावईबापू? बसा, अर्धा कप चहा ठिवते."

आणि खरंच अर्धा कप द्यायची.

विमल कधी भांडली नाही. पूर्णेच्या क्वार्टरमध्ये तांदूळ निवडता निवडता ती नुसती सांगायची. दिवाळीत सीताफळाचे डोळे कसे उघडतात, आणि ते ओळखायला पोरी कशा एकमेकींच्या आधी पहाटे पळायच्या. अर्ध्या वाटेवरच्या टेंभुर्णीखाली दुपारीसुद्धा गार कसं लागतं. झऱ्याचं पाणी पळसाच्या पानात धरून प्यायलं की त्याला कशी वेगळीच चव येते. मुंजाजी हातोड्याचा दांडा पुसत हूं हूं करायचा. बाहेरून गाडी धडधडत गेली की ती थांबायची आणि डबे संपले की जिथं थांबली तिथूनच पुढं सांगायची. न चढता त्याला तो डोंगर पाठ झाला होता.

रिटायर झाल्यावर गोपाळनं विचारलं, "दाजी, आता तरी?"

"पगार चालायचा होता. पेन्शन बसायची मिळती."

यंदा मात्र विमलच्या गुडघ्यांनी जबाब दिला. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, दिवाळी झाली की ऑपरेशन करू आणि मग डोंगर-बिंगर विसरायचा. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "औंदा मी शेंदऱ्या चढणार हाय. तुमी यायलाव का?"

त्या आवाजात हट्ट असता तर मुंजाजीनं तो परतवला असता. हट्ट नव्हता. ती खरोखर विचारत होती, येणार का नाही, एवढंच.

परभणी, बोरी, जिंतूर करत दोघं कवठदरीला पोचले, तर डोंगर ओळखू येईना. म्हणजे तिला येईना. त्याला तर माहीतच नव्हता. सिमेंटच्या पायऱ्या झाल्या होत्या, लोखंडी कठडा आला होता. 'निसर्ग पर्यटन स्थळ' अशी पाटी होती आणि पाटीखाली भेळेची गाडी. रविवार असल्यानं जिंतूरची पोरं मोटारसायकलींवर आली होती.

"पायवाट कुठं गेली?" विमलनं गोपाळला विचारलं.

"पायऱ्यांखाली हाय की, ताई. दाजी, बघा, तुमच्यासाठी सरकारनं पायऱ्या केल्या, तरी तुमी येईनात!"

दारात दगडाबाई काठी टेकून उभी होती. डोळे गेले होते, जीभ शाबूत होती. "कोण चाललंय वर? अर्धे जावईबापू? आता कशाला, अर्ध्या वयात तरी जायचं!"

निघाले. सीताफळं होती, पण पायऱ्यांच्या कडेची सगळी कच्चीच ओरबाडलेली. विमल प्रत्येक झाडाशी थांबत होती. ते झाडासाठी का गुडघ्यासाठी, हे मुंजाजीनं विचारलं नाही. स्वतः तो मान खाली घालून चालला होता, सवयीनं. हातात हातोडा नव्हता, काठी होती. तिनंच तो कठड्याचे नट ठोकून बघत होता. टण, टण, टण. मग एखादं थप्प.

"ढिला हाय."

"अव, वर बघा की जरा. डोंगर वर हाय."

झरा पाइपात गेला होता. टेंभुर्णी मात्र होती. तिच्या सावलीत सिमेंटचं बाकडं टाकलं होतं. विमल बसली, ती उठेना. दोनदा उठायचा प्रयत्न केला, मग पदरानं घाम पुसून माथ्याकडं बघत राहिली.

"चल, खाली जाऊ," मुंजाजी म्हणाला.

"तुमी जा वर."

"एकटा?"

"हाळी एकट्यानंच द्यायची असती. मी खालून ओ द्यायची. मी तं अर्ध्यावर आलेय."

मुंजाजीनं काठी तिच्याजवळ ठेवली आणि तो निघाला. पायऱ्या काही त्याच्या पायांना जमेनात. रुळांखालच्या एका स्लीपरवरून दुसऱ्या स्लीपरवर पडणारं पाऊल ते, कधी आखूड पडायचं, कधी लांब. तो पायऱ्या सोडून बाजूच्या मुरमावरून चढला. छाती भरून आली, तसा प्रथमच थांबला आणि वर बघितलं. डोंगर वर होता.

हाळीच्या धोंड्यावर रांग होती. पोरं एकेक करून फोटो काढत होती.

"काका, तुमचा काढू का?" एकानं विचारलं.

"फोटो नको. जागा दे थोडी."

तो धोंड्यावर उभा राहिला. लांब कुठंतरी पाणी चमकत होतं, यलदरीचं असावं. तुरीची पिवळी रानं, कापसाची पांढरी. खाली टेंभुर्णीचा हिरवा ठिपका. हाक मारायला तोंड उघडलं आणि त्याच्या लक्षात आलं, की एवढ्या वर्षांत आपण हे नाव मोठ्यानं कधी घेतलेलंच नाही.

"रामच्या मायऽऽ!"

पोरं हसली. खालून काही नाही.

"ए रामच्या मायऽऽ!"

काही नाही. वारा तेवढा वाहत होता. ती बाकड्यावरून उठायला गेली असेल, पडली असेल, असं काहीबाही मुंजाजीच्या मनात आलं. आपणच काठी तिच्याजवळ ठेवून आलो, तिच्या भरवशावर एकटीच उठली असेल. मग पोरांचं भान उरलं नाही, लाज उरली नाही.

"विमलऽऽ! विमऽऽल!"

टेंभुर्णीखालून लगेच आवाज आला. म्हातारीचा नव्हता तो. पारावर बसून कधीची घोटून ठेवलेली 'ओ' होती.

"ओऽऽऽ!"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मुंजाजीनं रुमाल काढला, तोंड पुसलं आणि बराच वेळ पुसत राहिला.

तो खाली आला तेव्हा विमल काठी मांडीवर आडवी घेऊन बसली होती.

"पयल्या दोन हाका ऐकू आल्या न्हाईत?"

"आल्या की. पण त्या रामच्या मायला होत्या." मग तिनं हळूच विचारलं, "लाईन दिसली?"

मुंजाजी बाकड्यावर टेकला. दम खाल्ला. "दिसली."

"खोटं."

"तुझी शप्पथ. पूर्णेच्या अलीकडं एका ठिकाणी चावी ढिली हाय. इथून साफ दिसती."

विमल हसायला लागली, तशी तिच्या हसण्यानं तोही हसला. हसू ओसरल्यावर तिनं काठी त्याच्याकडं दिली आणि उठायला हात पुढं केला.

"मंग चला," ती म्हणाली, "ठोकून येऊ."