नगराळे सिस्टरांचं वाण

नगराळे सिस्टर स्वतःचा डबा कधी स्वतः खात नसत. सकाळी आल्या की जो पहिला दिसेल त्याच्या हातात डबा ठेवायचा आणि दुपारी त्याचा आपण खायचा, हा त्यांचा शिरस्ता. "आपल्या घरचं आपुन काय खाचं? ते तं जनमभर खाल्लं," असं वर ऐकवायच्या. मी रुग्णालयाच्या औषध भांडारात नवा लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी माझा डबा पळवला. बदल्यात भाकर आणि जवसाची चटणी मिळाली. माझ्या वांग्याच्या भाजीवर मात्र, "तुया घरी मिठाचं वावडं हाये का बाबू?" असा शेरा आला. मला राग आला. दुसऱ्या दिवशी मी आपण होऊन डबा घेऊन त्यांच्या वॉर्डात गेलो, हेही खरं.

बाई बुटक्या, आवाज मात्र खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर जाणारा. नालवाडीहून स्कूटीवर यायच्या. सर्जिकल वॉर्डाच्या इन्चार्ज होत्या. डॉक्टर असो की वॉचमन, त्यांच्या लेखी सगळे 'बाबू'.

आमच्याकडे संक्रांतीला बाया एकमेकींना वाण देतात. सिस्टरांनी निवृत्तीच्या महिन्यात ठरवलं की या वर्षी सगळं रुग्णालय वाण देईल. पुरुषही देतील. "त्यायनं काय घोडं मारलं?" नियम एकच: वस्तू विकतची नको, स्वतःच्या हाताने केलेली पाहिजे. दरवर्षी दिवाळीला डॉक्टर मंडळी आपापसात चकचकीत खोकी वाटायची आणि बाकीचे बघत राहायचे, ते त्यांना फार लागलं होतं. आता सर्वांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याचं नाव निघेल त्याला आपलं वाण द्यायचं.

मोठे साहेब, म्हणजे आमचे अधीक्षक आणि सर्जनही, एका गोष्टीवर अडले. "कंत्राटी माणसं यात नकोत. ती आपली नाहीत, एजन्सीची आहेत."

"साहेब, तुळसाबाई तुमचं थिएटर पुसते, तवा ते कोणाची असते?"

साहेबांनी मान्य केलं, पण अट घालूनच: दुपारी पाळी बदलते तेवढा अर्धा तास मिळेल, आणि जराही गोंधळ झाला तर हा प्रकार कायमचा बंद. सिस्टर लगेच हो म्हणाल्या. मला धडकी भरली. बाई महिनाअखेर घरी जाणार. यंदा फसलं तर कंत्राटी माणसांना पुन्हा कोण बोलावणार होतं?

पुढचे काही दिवस रुग्णालयात दुसरा विषय नव्हता. वॉचमन विणकाम शिकत होता. मी आयुष्यात पहिल्यांदा लिंबाचं लोणचं घातलं. तिन्ही पाळ्यांच्या चिठ्ठ्या सिस्टरांनी ड्रेसिंगचं कापड निर्जंतुक करायच्या स्टीलच्या ड्रममध्ये जमवल्या, कारण ड्रमचं झाकण उगाच कोणी उघडत नाही. संक्रांतीच्या आदल्या दिवशी तो थिएटरच्या कपाटात सुरक्षित ठेवला.

तिथेच घात झाला. थिएटरचे अटेंडंट गजाननभाऊ अत्यंत काटेकोर माणूस. सकाळी कपाटात ड्रम दिसला, त्यावर निर्जंतुक केल्याची पट्टी नव्हती. त्यांनी तो इतर ड्रमांबरोबर वाफेच्या यंत्रात लावला.

दुपारी पोर्चमध्ये दोन्ही पाळ्यांची, आणि मुद्दाम आलेली रात्रपाळीचीही माणसं पिशव्या सांभाळत उभी. सिस्टरांनी झाकण उघडलं. आत लगद्याचा निळसर गोळा! गजाननभाऊ खांबाआड सरकले. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "सिस्टर, मी म्हटलं होतं..."

सिस्टर गोळ्याकडे बघत होत्या आणि एकदम हसत सुटल्या. "पाहा बाप्पा! यायच्यावर आता एकबी जंतू नाई. नावबी नाई!" पोर्च खदखदून हसला. मग त्यांनी हात वर केला. "चिठ्ठ्या कायले पाहिजे? आपलं काम संपलं का ते कोणाच्या तरी हातात जाते ना? ज्याच्या हातात जाते, त्यालेच वाण द्या. चला, टाइम नाई!"

आणि माणसं हलली. धुलाईवाला थिएटरच्या सिस्टरकडे गेला. मी बाल विभागाच्या सिस्टरना लोणचं दिलं. स्वयंपाकघरातल्या बाया जेवणाच्या गाड्या ढकलणाऱ्यांना शोधू लागल्या. चिठ्ठ्यांनी कुठल्या कुठे नेलं असतं. इथे आपण रोज ज्याच्यासाठी राबतो तोच समोर येत होता.

तुळसाबाई मात्र जागची हलेना. ती थिएटर पुसते आणि मग साहेब तिथे उभे राहतात. तिचं वाण साहेबांचं! सगळे बघायला लागले.

"काऊन थांबली व?" सिस्टर म्हणाल्या. "जाय ना."

तुळसाबाईने पदराखालून पुरचुंडी काढली. "सरोते हायेत साहेब. हातानं वळले." हातावर वळलेल्या त्या शेवया साहेबांनी दोन्ही हातांनी घेतल्या. म्हणाले, "आई करायची. किती वर्षांत पाहिले नाहीत!"

साहेबांचे पेशंट सर्जिकल वॉर्डात जातात, तेव्हा त्यांचं वाण नगराळे सिस्टरांना. साहेबांनी खिशातून एक कापडी बटवा काढला, स्वतः शिवलेला. सिस्टरांनी तो उलटा करून शिवण तपासली. "टाके चांगले हायेत साहेब. पिकाचे नाई, पू व्हाचा नाई."

हशा ओसरला तशी साहेबांनी घोषणा केली, "पुढच्या वर्षी एक तास. आणि सगळे. एजन्सीला मी सांगतो." टाळ्या वाजल्या त्या वॉर्डातल्या पेशंटांनीही खिडक्यांतून ऐकल्या. तुळसाबाईच्या सोबतिणींनी तर तिला उचलायचंच बाकी ठेवलं होतं. मी इतका जोरात ओरडलो की शेजारचा क्लार्क दचकला.

सिस्टरांचं स्वतःचं वाण अजून हातातच होतं, तिळाच्या लाडवांचा डबा. त्या सरळ खांबाकडे गेल्या. गजाननभाऊ मान खाली घालून उभे होते.

"माया वॉर्डाचे वापरलेले ड्रम कोणाच्या हातात येतात?"

"मायाच, सिस्टर," ते कसेबसे म्हणाले. "पन म्या तं तुमचं सारं..."

"तू आपलं काम केलं बाबू. इतकी वर्सं माया एकाबी पेशंटचा टाका पिकला नाई, तो तुयाच्यानं. घे."

गजाननभाऊंनी डबा छातीशी धरला आणि पोर्चमध्ये सगळ्यांसमोर हमसून रडले.